तेहेतीसचा पाढा

आजचा विषय माझ्या नेहमीच्या विषयांपेक्षा जरा वेगळा आहे.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहास म्हटला की लोकांना सनावळ्या, लढाया आणि तह आठवतात. पण इतिहास कशालाही असतो. कुलुपाला असतो, चपलेला असतो, आणि घरातल्या कॉम्प्युटरच्या पोटातल्या ३३.३३ या एका आकड्यालाही असतो. आज त्या आकड्याची गोष्ट सांगायची आहे. थोडी तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, तेही इतिहास घेऊन. मला जे समजलं ते तुम्हालाही समजेल. फक्त पाढे यायला हवेत.

कंपनीने प्रोसेसर ज्या वेगाचा म्हणून विकला, त्याहून जास्त वेगाने तो पळवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८-९९ च्या सुमारास या प्रकाराने जगभरच्या हौशी पोरांना वेड लावलं होतं. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी यंत्र जोडणारी मुलंही त्यात होती. तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेने चालवला, या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगितल्या जात. पण लग्नात सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडे असावं, तसं या गोष्टींत सगळं लक्ष प्रोसेसरकडे. त्याच्या मागून वरातीत धावणाऱ्यांचं काय झालं, हे फार कोणी विचारत नाही.

हे धावणारे म्हणजे बस आणि बसवर बसलेली मंडळी. बस म्हणजे मदरबोर्डवरच्या तारांचा एक समाईक रस्ता. आवाजाचं कार्ड, मोडेमचं कार्ड, चित्राचं कार्ड ज्या खाचांमध्ये बसवतात त्या खाचा या रस्त्याला जोडलेल्या असतात. हार्डडिस्कचा कारभारही बरीच वर्षं याच रस्त्यावरून चाले. आणि या रस्त्याला स्वतःचा एक वेग असतो.

वेग ठरतो घड्याळाने. कवायतीच्या तासाला पीटीचे सर शिट्टी वाजवतात आणि सगळी रांग एकदम पाऊल टाकते, तसा मदरबोर्डवर एक क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो. त्याच्या ठोक्यावर सगळे चालतात. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. आता प्रश्न असा, की रांगेतल्या सगळ्यात चपळ मुलासाठी सरांनी शिट्टी भराभर वाजवायला सुरुवात केली, तर बाकीच्या रांगेने काय करायचं?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घरगुती कॉम्प्युटरची पस्तीस वर्षं गेली आहेत. म्हणून हा इतिहासाचा विषय.

सुरुवात ऑगस्ट १९८१ पासून करू. आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात ८०८८ हा प्रोसेसर होता आणि त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. हा अपूर्णांक कुठून आला? गंमत अशी, की त्याचं कारण अमेरिकेतला रंगीत टीव्ही. तिथल्या टीव्हीच्या रंगांच्या संकेताची कंप्रता ३.५८ मेगाहर्ट्झच्या जवळपास. चित्र टीव्हीवर रंगीत दिसायचं तर ती हवीच. म्हणून तिच्या चौपट, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल बसवला. त्याला ४ ने भागलं की टीव्हीचा रंग मिळतो, ३ ने भागलं की प्रोसेसरचे ४.७७ मिळतात, १२ ने भागलं की वेळ मोजणाऱ्या चिपचे १.१९ मिळतात. एका क्रिस्टलमध्ये सगळं घर चालवलं. याला म्हणतात काटकसर! आणि विस्ताराच्या खाचांचं काय? त्यांना वेगळं काही नाही. प्रोसेसरचा ठोका तोच त्यांचा ठोका. प्रोसेसर इतका सावकाश चालायचा की कोणाचीच दमछाक होत नव्हती.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी एटी आला. प्रोसेसर ८०२८६, वेग ६ मेगाहर्ट्झ. आत १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि त्याला २ ने भागलं जाई. लोकांच्या लक्षात आलं, की हा क्रिस्टल सहज उपटून काढता येतो. त्यांनी तो काढला आणि १६ चा बसवला. प्रोसेसर झाला ८ चा! घरगुती ओव्हरक्लॉकिंगची ही बाराखडी. पण इथेही खाचांचा ठोका प्रोसेसरला बांधलेलाच होता, तेव्हा त्याही ६ वरून ८ वर गेल्या. बहुतेक कार्डांनी ते सोसलं. आयबीएमला मात्र ते रुचलं नाही. नंतरच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या पहिल्या प्रोग्राममध्ये, त्यांनी वेगाची तपासणी घातली. यंत्र ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालताना आढळलं, की ते सुरूच होईना. विकणाऱ्याने मर्यादा घालायची, घेणाऱ्याने ती ओलांडायची आणि विकणाऱ्याने पुन्हा कुंपण घालायचं, हा खेळ तेव्हापासूनचा आहे.

खरं वळण आलं १९८६ साली. कॉम्पॅक कंपनीने आयबीएमच्याही आधी ८०३८६ चा पीसी बाजारात आणला. प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा. आता खाचाही १६ ने पळवल्या असत्या तर लोकांनी पदरचे पैसे घालून घेतलेली जुनी कार्डं निकामी झाली असती. म्हणून कॉम्पॅकने खाचांचा वेग ८ च ठेवला आणि प्रोसेसरला त्याच्या वेगाने जाऊ दिलं. जो चपळ आहे त्याने पळावं, पण बाकीच्यांसाठी शिट्टी वेगळी. पुढे १९८८ मध्ये नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आयबीएमला शह देण्यासाठी ईसा नावाचं नवं मानक जाहीर केलं. आधीच्या साध्या बसला आयसा हे नाव रूढ झालं तेही याच निमित्ताने. वेगाची मर्यादा ठरली ८.३३ मेगाहर्ट्झ.

हा ८.३३ म्हणजे ३३.३३ चा बरोबर पाव भाग. आपला आकडा अशा रीतीने पडद्याआडून पहिल्यांदा डोकावतो.

त्या काळच्या ४८६ यंत्रांच्या बायोसमध्ये एक ओळ असे : एटी बस क्लॉक. तिथे भाजक निवडायचा. मुख्य ठोका ३३ असेल तर ४ ने भागायचं, ४० असेल तर ५ ने, ५० असेल तर ६ ने. प्रत्येक वेळी उत्तर ८ किंवा ८.३३. हावरट माणूस ३३ ला ३ ने भागे, म्हणजे खाचा ११ वर जात. काही कार्डं चालत, काही अडून बसत. पण या एका ओळीत एक शहाणपण होतं. वरचा आकडा वाढवलात तर खालचा भाजकही वाढवा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शहाणपण आलं म्हणजे ते टिकतंच असं नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. १९९२ मध्ये व्हेसा लोकल बस आली. चित्रं भराभर हलावीत म्हणून तिची खाच थेट ४८६ च्या ठोक्याला बांधली. ३३ वर छान चाले. ४० वर कुरकुर सुरू होई आणि ५० च्या प्रोसेसरवर तर कार्डं भरवशाची राहत नसत. म्हणजे १९८१ ची चूक पुन्हा, फक्त जास्त वेगाने. याच वर्षी इंटेलने गुणकाची युक्ती बाजारात आणली. ४८६ डीएक्स-२ हा प्रोसेसर बाहेरून ३३ चा ठोका घेई आणि आत त्याची दुप्पट करून ६६ ने चाले. बाहेरच्यांना पत्ताच नाही.

आणि याच १९९२ च्या जून महिन्यात इंटेलने पीसीआय बसची पहिली नियमावली प्रसिद्ध केली. वेगाची मर्यादा ३३.३३ मेगाहर्ट्झ. आला आपला कथानायक!

तेहेतीसच का, हे समजून घेण्यासारखं आहे. सेकंदाला ३.३३ कोटी ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ३० नॅनोसेकंदांचं अंतर. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. या तीसची वाटणी नियमावलीत काटेकोर केलेली आहे. बोलणाऱ्या कार्डाला आपला संदेश तारेवर ठेवायला ११. तो तारेवरून शेवटच्या टोकापर्यंत जाऊन, तिथून परतून स्थिर व्हायला १०. सगळ्यांची घड्याळं अगदी एकसारखी नसतात, त्या फरकाला २. आणि ऐकणाऱ्या कार्डाला तो नीट ऐकता यावा म्हणून ठोक्याआधी ७. झाले ३०. शिल्लक शून्य. महिन्याच्या पगाराची अशी वाटणी आमच्या पिढीने केली आहे, म्हणून मला हा हिशोब वाचताना फार जवळचा वाटला. वरखर्चाला यात जागाच नाही.

पेंटियमच्या काळात मदरबोर्डचा मुख्य ठोका ५०, ६० किंवा ६६ असे आणि पीसीआयला त्याचा निम्मा मिळे : २५, ३० किंवा ३३. ६६ चा निम्मा ३३, हिशोब चोख. पण बोर्ड तयार करणाऱ्यांनी आणखी दोन वेग गुपचूप ठेवले होते : ७५ आणि ८३. इंटेल त्यांना मान्यता देत नव्हतं, पण बोर्डावर ते निवडता येत. सायरिक्स कंपनीने तर ७५ च्या ठोक्यावर चालणारा प्रोसेसर अधिकृतपणे विकला. ७५ चा निम्मा ३७.५. ८३ चा निम्मा साडेएकेचाळीसच्या वर. भाजक मात्र २ चा २ च.

आता आपल्या तीस नॅनोसेकंदांच्या पगाराकडे पाहा. बस ३७.५ वर गेली की हातात येतात २६.७. साडेएकेचाळीसवर गेली की उरतात फक्त २४. सहा नॅनोसेकंद कापले गेले. ज्या कार्डाची चिप नियमापेक्षा बरीच चांगली, ते निभावून नेतं. जी चिप नियमाच्या काठावर पास झालेली, ती अर्धं वाक्य ऐकून उत्तर देऊ लागते.

मग आलं १९९८ साल. एप्रिलमध्ये इंटेलचा ४४०बीएक्स हा चिपसेट आला. त्यात मुख्य ठोका १०० झाला आणि पीसीआयसाठी ३ चा भाजक मिळाला. १०० भागिले ३, उत्तर ३३.३३. ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. हा स्वस्तातला प्रोसेसर. बाहेरचा ठोका ६६, गुणक साडेचार, वेग ३००. गुणक इंटेलने कुलूपबंद केला होता. तेव्हा वेग वाढवायचा एकच मार्ग उरला, बाहेरचा ठोका वाढवणं. ६६ च्या जागी १०० केले, की साडेचारच्या गुणकाने वेग ४५०! त्यातच या प्रोसेसरच्या पोटात पूर्ण वेगाने चालणारी १२८ किलोबाइटची कॅश होती, त्यामुळे महागड्या पेंटियम-२ च्या जोडीला तो सहज बसे. पोरं वेडी झाली नसती तरच नवल. ॲबिट कंपनीच्या बीएच-६ सारख्या बोर्डावर तर हे सगळं बायोसमधून करता येई. ज्यांच्या बोर्डावर ती सोय नव्हती ते प्रोसेसरच्या बी-२१ या एका पिनेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावत. पीन झाकली की बोर्डाला वाटे, हा १०० चाच प्रोसेसर आहे.

आता खरा मुद्दा. कोणीही साधा विचार करणारा माणूस काय म्हणेल? ६६ वरून एकदम १०० वर उडी मारणं धोक्याचं, त्यापेक्षा ८३ वर थांबावं, थोडक्यात गोडी. प्रोसेसरपुरतं ते खरंही आहे. पण बसपुरतं नेमकं उलटं! १०० वर भाजक ३ होतो आणि पीसीआय ३३.३३ वरच राहते. तिला कळतही नाही, की घरात काही घडलंय. ८३ वर मात्र त्या काळच्या अनेक बोर्डांवर भाजक २ च राहत असे आणि बस साडेएकेचाळीसच्या वर जाई. मोठी उडी सुरक्षित आणि छोटी उडी घातक.

म्हणून म्हणते, तेहेतीसचा पाढा यायला हवा. तेहेतीस दुणे सहासष्ट. तेहेतीस त्रिक शंभर. तेहेतीस चोक एकशे तेहेतीस. (खरे गुरुजी इथे छडी उगारतील, पण ३३ नंतरचा अपूर्णांक धरला की पाढा बरोबर आहे.) जो ठोका या पाढ्यात आहे तो चालतो, कारण त्याला भागणारा भाजक आहे. जो पाढ्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे, म्हणजे ७५, ८३, ११२, १२४, त्याचा ताण खालच्यांवर पडतो.

आणि खालचे म्हणजे कोण? मोडेम चालेनासा झाला तर कळतं. आवाज फाटला तर कानाला कळतं. पण पीसीआयच्या रस्त्यावर सगळ्यांत महत्त्वाचा प्रवासी होता हार्डडिस्कचा नियंत्रक. डिस्कशी बोलताना किती वेळ थांबायचं, हे तो पीसीआयचे ठोके मोजून ठरवी. ठोके लवकर पडू लागले की त्याची थांबण्याची वेळही आखडे. अल्ट्रा डीएमए या नव्या पद्धतीत पाठवलेला मजकूर तसाच पोचला का, याची बेरीज करून तपासणी होई. त्याआधीच्या पद्धतींत अशी तपासणीच नव्हती. विंडोज ९८ मध्ये तर डीएमएची खूण बऱ्याच यंत्रांवर आपण हाताने करावी लागे. ती केली नसेल, तर चुकीचं अक्षर बिनतक्रार डिस्कवर लिहिलं जाई. यंत्र बंद पडत नाही, पडदा निळा होत नाही, काही नाही.

याचा अनुभव मी घेतला आहे, म्हणून थोडं सांगते. आमच्याकडे १९९९ मध्ये जोडलेला कॉम्प्युटर आला. त्यावर मी शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरवरून माजी विद्यार्थ्यांची यादी टंकत होते : नाव, जन्मतारीख, प्रवेशाचं वर्ष. शाळेच्या जुन्या रजिस्टरांची पानं हात लावला की तुटत होती, म्हणून हा खटाटोप. रोजचं काम मी संध्याकाळी फ्लॉपीवर उतरवून ठेवत असे. दोन-तीन महिन्यांनी छापील यादी रजिस्टरशी ताडून पाहताना एका मुलाचं जन्मवर्ष १९४१ ऐवजी १९४९ निघालं. प्रवेश १९४७ चा. म्हणजे जन्माआधीच शाळेत! आमचे लेखनिक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या दिवसाच्या फ्लॉपीवर १९४१ असंच होतं. हार्डडिस्कवर ते बदललं होतं. शोधल्यावर अशा आणखी काही नोंदी सापडल्या. काही नावांमध्ये मधलंच अक्षर विचित्र झालेलं.

भाच्याने बायोस उघडून पाहिलं. यंत्र जोडून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने आम्हाला न सांगता ठोका ८३ वर ठेवला होता. आमची मेमरी ६६ ची, ती १०० ला टिकली नसती. म्हणून त्याने मधला आकडा निवडला. ३०० चा प्रोसेसर ३७५ ने चालला, आणि तो बिचारा समजत होता की त्याने आम्हाला फुकटात भेट दिली. भाच्याने ठोका पुन्हा ६६ वर आणला. त्यानंतर तसं एकदाही घडलं नाही.

१ चे ९ कसे झाले, हेही त्यानेच कागदावर काढून दाखवलं. यादीतली वर्षं मी इंग्रजी आकड्यांत टंकत असे. कॉम्प्युटरच्या लिपीत इंग्रजी एक लिहितात ००११०००१ असा, आणि नऊ लिहितात ००१११००१ असा. आठ जागांपैकी एकाच जागेचा फरक, आणि त्या जागेची किंमत आठ. एका ठोक्याला एका तारेने ऐकण्यात चूक केली आणि माणूस आठ वर्षांनी लहान झाला. आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरमधल्या जन्मतारखेवर शाळा सोडल्याचा दाखला निघतो, आणि त्या दाखल्यावर नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं उभं राहतं. कोणी त्या यादीवर विसंबून मूळ रजिस्टर रद्दीत काढलं असतं तर? हा विचार मनात आला आणि मी लेखनिकांना सांगितलं, की रजिस्टरं कापडात बांधून कपाटातच राहू द्या.

असो. पुन्हा इतिहासाकडे वळू.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये १३३ च्या ठोक्याचे पेंटियम-३ आले. इंटेलचा त्यांच्यासाठीचा नवा चिपसेट महागड्या रॅम्बस मेमरीवर बेतलेला होता, म्हणून पुष्कळांनी जुना बीएक्सच १३३ वर चालवला. पीसीआयला ४ चा भाजक देणारे बीएक्स बोर्ड निघाले होते, तेव्हा तिकडे ३३ च. पण आता आणखी एक प्रवासी होता : चित्राच्या कार्डाची एजीपी खाच. तिचा हक्काचा वेग ६६. बीएक्समध्ये तिच्यासाठी दोनच भाजक होते, एकास एक किंवा दोन तृतीयांश. १३३ चे दोन तृतीयांश जवळपास ८९. काही कार्डांनी ते मुकाट्याने सोसलं, काहींनी पडद्यावर रांगोळी काढली. एकाच पाढ्यात दोघांना बसवायची सोय बीएक्समध्ये नव्हती. व्हिया कंपनीने आपल्या चिपसेटमध्ये एजीपीसाठी अर्ध्याचा भाजक दिला आणि १३३ चे ६६ करून तो प्रश्न सोडवला.

पण पाढा म्हातं कितीदा? ठोका १६६ झाला, २०० झाला, आणि हौशी लोक मधल्या प्रत्येक आकड्यावर जाऊ लागले. शेवटी मुळालाच हात घातला गेला. २००२ मध्ये एनव्हिडियाच्या एनफोर्स-२ चिपसेटने पीसीआय आणि एजीपीला वेगळं घड्याळ दिलं. यालाच पुढे पीसीआय लॉक म्हणू लागले. मुख्य ठोका काहीही करा, पीसीआय ३३ वर आणि एजीपी ६६ वर खिळलेली. त्याच सुमाराच्या इंटेलच्या अनेक बोर्डांवरही ही सोय आली. भाजक शोधायचा त्रास संपला. कॉम्पॅकने १९८६ मध्ये जे केलं होतं तेच पुन्हा, सोळा वर्षांनी.

२००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस बाजारात आली. समाईक रस्ता जाऊन प्रत्येक कार्डाला स्वतःची पायवाट मिळाली आणि तिचा आधाराचा ठोका १०० ठरला. जुन्या पीसीआयच्या खाचा पुढल्या काही वर्षांत बोर्डांवरून हळूहळू दिसेनाशा झाल्या. तेहेतीसचा पाढा इतिहासजमा झाला.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण नाही. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले आणि चाक फिरून पुन्हा मूळ जागी. काटकसर म्हणून सगळी घड्याळं पुन्हा एकाच उगमाला जोडली : प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस, डिस्क, यूएसबी, सगळे एका १०० च्या ठोक्यावर. १९८१ च्या त्या एका क्रिस्टलची आठवण व्हावी असंच! परिणामही तोच. ठोका चार-पाच टक्क्यांपलीकडे वाढवला की यंत्र डगमगू लागे. वेग वाढवायचा तर कुलूप नसलेला, थोडा महाग प्रोसेसर घ्या, असा त्याचा सरळ अर्थ. २०१५ च्या स्कायलेकमध्ये इंटेलने पीसीआय एक्सप्रेसचं घड्याळ पुन्हा वेगळं केलं. लगेच काही बोर्डांनी त्याचा फायदा घेऊन कुलूपबंद प्रोसेसरही ठोका वाढवून पळवायची वाट काढली, आणि २०१६ च्या सुरुवातीला नव्या बायोसमधून ती वाट बंद झाली. एटीच्या बायोसमधली वेगाची तपासणी आठवली ना?

एकत्र बांधायचं, मग सोडायचं, पुन्हा बांधायचं. यात कोणी मूर्ख होतं असं मला वाटत नाही. एकच घड्याळ स्वस्त पडतं आणि सगळ्यांचं बोलणं एकमेकांशी जुळवणं सोपं जातं. वेगळी घड्याळं ठेवली की मध्ये दुभाष्या लागतो, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. जोवर कोणालाच घाई नसते तोवर एक घड्याळ उत्तम. घाई एकाला होते आणि मग प्रश्न सुरू होतो.

मला या इतिहासातून एवढंच दिसतं, की वेग वाढवणाऱ्याला त्याची किंमत क्वचितच दिसते. ती शेजाऱ्याकडून वसूल होते. प्रोसेसरला ८३ चा ठोका पेलत होता, तो थंड होता, आनंदात होता. त्याच्याकडे पाहून कोणालाही सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं. तुटत होतं ते तिसऱ्याच ठिकाणी, आवाज न करता. म्हणून कुठेही वेग वाढला असं कोणी सांगितलं, की मी आधी विचारते : याच घड्याळावर आणखी कोण कोण चालतंय? आणि त्यांच्यासाठी भाजक बदललात का?

वेगाशी माझं वैर नाही. ३३ चा पाढा नीट म्हटला तर शंभरपर्यंत जाता येतं आणि कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही, हे याच इतिहासाने दाखवून दिलंय. फक्त वरचा आकडा बदलताना खालचाही बदलायचा असतो. अपूर्णांक शिकवताना आम्ही हेच तर फळ्यावर लिहीत होतो.